थानाआधीचा नमुना

त्या दुपारी मास्टरांना दहा मिनिटं स्टुलावर बसवून मोजणीबाईंना काय मिळणार होतं? हिशेब मांडला तर हाती फारसं लागत नाही. समजावून सांगणं हे त्यांच्या कामाच्या यादीत नव्हतं. त्यासाठी खालच्या मजल्यावर समुपदेशनाचा वेगळा कक्ष होता आणि तिथे भिंतभर रंगीत तक्ते होते. डबा गार होणार होता, दोनच्या नमुन्यांना उशीर होणार होता. जमेच्या बाजूला एकच गोष्ट होती. समोरच्या माणसाला कळायला लागलं की त्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून जातात, ते बघायला मिळायचं. बाईंचा बाकीचा दिवस सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावण्यात जायचा आणि तिथे कोणी मान डोलावत नाही.

“बसा मास्टर,” त्या म्हणाल्या. “कात्री चालवणाऱ्याला हे पटकन कळेल.”

मास्टर बसले. गळ्यात मापाची टेप तशीच होती. रुग्णालयाच्या तळघरातल्या शिवणखोलीत ते तेवीस वर्षं चादरी, पडदे आणि ऑपरेशनचे हिरवे झगे शिवत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या या प्रयोगशाळेत ते आतापर्यंत फक्त ॲप्रनची मापं घ्यायला येत. दीड वर्षापूर्वी बायकोची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. ती आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसच्या खुर्चीत बसू लागली. त्यानंतर मास्टर इथे पेशंटचे नातेवाईक म्हणून येऊ लागले. मुलाचा रक्तगट आईला चालत नव्हता. मुलगी तान्ह्या बाळाची आई. उरले मास्टर, आणि मास्टरांचा गट जुळत होता. आज पहिल्या चाचणीचा निकाल होता.

“निकाल चांगला आहे,” बाई म्हणाल्या. “तुमच्या पांढऱ्या पेशी घेतल्या, त्यांच्यावर वहिनींच्या रक्तातलं पाणी घातलं. एकही मेली नाही. म्हणजे वहिनींच्या अंगात तुमच्याविरुद्ध काही नाही.”

“तीस वर्षांनीही?” मास्टर म्हणाले. “घरी तर रोज असतं.”

बाई हसल्या. त्यांना असा माणूस आवडायचा. मोजणीबाई हे त्यांचं नाव अर्थातच कोणी कागदावर लिहून ठेवलेलं नव्हतं. उजव्या हातात कायम टिकटिक करणारं मोजणीयंत्र, डाव्या हातानं काच सरकवणं, आणि मेलेल्या पेशी किती, जिवंत किती, ते मोजणं, असं अठ्ठावीस वर्षं चाललं होतं. आता घरीसुद्धा कोणी जिना चढताना त्या नकळत अंगठा दाबत. समजावण्याची मात्र त्यांची ख्याती होती. बागकाम करणाऱ्याला तण सांगायच्या, तिकीट तपासणाऱ्याला पास सांगायच्या. माणूस बघून कापड फाडायच्या, असं इथे म्हणायला हवं.

“तुम्ही विचारलंत ना, शरीराला परकं कळतं कसं? तर हे बघा. काही पेशी अंगभर नुसत्या गस्त घालत असतात. परकं काही दिसलं की सरळ गिळतात. गिळलं की आत त्याचे बारीक तुकडे करतात.”

“कापतात?”

“चिंध्या करतात अगदी. आणि त्यातली एक चिंधी आपल्याच अंगावर, बाहेरच्या बाजूला टाचून ठेवतात. सगळ्यांना दिसेल अशी.”

“नमुना,” मास्टर म्हणाले.

“हां, नमुना! आणि तो मिरवत त्या जातात गाठींमध्ये. मानेत, काखेत असतात ना, ताप आला की सुजतात त्या. तिथे दुसऱ्या पेशी असतात, लाखांनी. एकेकीला एकाच कापडाची पारख. बाकी कशाशी देणंघेणं नाही. ही आपली प्रत्येकीपुढे जाऊन उभी राहते. हे तुझं का? नाही. तुझं का? नाही. तुझं?”

“आणि जिचं असेल ती?”

“ती थांबते.”

मास्टर पुढे सरकले. बाईही रंगात आल्या होत्या. “आता खरी गंमत टाचणीत आहे. चिंधी ज्या टाचणीनं लावतात तिचा घाट प्रत्येक माणसाचा वेगळा. आम्ही जुळवतो म्हणतो ते हेच, टाचण्या. परक्या घाटाची टाचणी दिसली की चिंधी बघायच्या आधीच आरडाओरडा. मूत्रपिंड बसवलं की सगळ्या टाचण्या तुमच्या आणि अंग वहिनींचं. म्हणून गोळ्या द्याव्या लागतात, आयुष्यभर.”

“म्हणजे भांडण होतं ते अनोळखी म्हणून.”

तेवढ्यात कोपऱ्यातलं रक्त फिरवायचं यंत्र थांबलं आणि शिट्टी वाजवू लागलं. नळ्या वेळेवर काढल्या नाहीत तर थर परत मिसळतात.

“हं, अनोळखी म्हणून,” बाई यंत्राकडे जाता जाता म्हणाल्या. “उरलेलं पुढच्या वेळी सांगते.”

मास्टर उठले. कपाळावर एकही आठी नव्हती. बाईंनी ते पाहिलं आणि गार डबा समाधानानं खाल्ला.

पुढची वेळ आलीच नाही. ऑपरेशनची तारीख सहा आठवड्यांनंतरची मिळाली, कारण वहिनींची एक दाढ किडलेली होती. ऑपरेशननंतरच्या गोळ्या शरीराचा पहारा ढिला करतात. तेव्हा किडक्या दाढेतला पू पुढे कुठेही जाऊ शकतो, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. आधी दाढ काढायची, जखम भरू द्यायची, मग मूत्रपिंड. एका दाढेसाठी सहा आठवडे, म्हणजे खुर्चीतल्या आणखी अठरा फेऱ्या. वहिनींनी हा हिशेब डॉक्टरांसमोरच बोटांवर केला आणि म्हणाल्या, “दाढ माझीच, सोडा. तिच्यावर काय रागवायचं.”

नियमाप्रमाणे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चाचणी परत करायची असते. बाईंनी सकाळीच दोघांचं ताजं रक्त घेतलं. वहिनी त्या दिवशी खुशीत होत्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत मास्टरांनी शिवलेला नवा झगा.

“बघा तरी,” त्यांनी झगा उलगडून दाखवला. “उजव्या बाजूला उघडतो. बंद बाहेरून. म्हणे टाक्यांना घासायला नको. तीस वर्षांत माझ्या एका ब्लाउजचं माप धड आलं नाही, आणि हे बघा कसं बसलंय.”

“दुसऱ्यांचे ब्लाउज आधी शिवायचे असतील,” बाई म्हणाल्या.

“तेच तर. आता कुठे माझा नंबर आला.”

चाचणीची ताटली हातभरही नसते. तिच्यात साठ खळगे, प्रत्येक टाचणीच्या डोक्याएवढा. खळग्यात मास्टरांच्या पेशी, त्यांवर वहिनींच्या रक्तातलं पाणी, मग सशाच्या रक्तातला एक द्रव, मग रंग. अंगात विरोध नसेल तर पेशी जिवंत राहतात आणि नळीतून बघताना दिव्यासारख्या चमकतात. विरोध असेल तर त्या फुटतात, रंग पितात आणि काळ्या दिसतात. सगळ्या जिवंत असल्या तर एक लिहायचं, सगळ्या मेल्या तर आठ.

दुपारी सव्वाला बाईंनी डोळा लावला. पहिल्या खळग्यात मोजायला काही नव्हतं. सगळं काळं.

त्यांना आधी स्वतःचाच संशय आला. अठ्ठावीस वर्षांत नळ्यांची अदलाबदल एकदाही झाली नव्हती, पण एकदा व्हायला अठ्ठावीस वर्षं लागतात असं काही ठरलेलं नाही. चिठ्ठ्या पाहिल्या. बरोबर होत्या. ससा वाईट निघाला असेल म्हणून नवी बाटली उघडली. फ्रीजमधून सहा आठवड्यांपूर्वीचं वहिनींच्या रक्तातलं पाणी काढलं आणि जुनं-नवं शेजारी शेजारी ठेवून सगळं पुन्हा केलं. चार वाजता नळीखाली जुन्याच्या रांगेत दिवे लागले होते. नव्याच्या रांगेत अंधार.

म्हणजे नळ्या बरोबर, ससा बरोबर, बाईही बरोबर. मधल्या सहा आठवड्यांत वहिनींच्या अंगात काहीतरी घडलं होतं.

बाईंनी टोपी काढली, हात धुतले आणि जिन्यानं तळघरात गेल्या. मास्टर मशीनवर होते. उद्या रजा, पुढे महिनाभर विश्रांती, म्हणून राहिलेल्या चादरींच्या कडा संपवत होते.

“मास्टर, मधल्या काळात वहिनींना रक्त चढवलं का?”

मास्टरांचा पाय थांबला. चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचं हसू आलं, पण चांगल्या चोरीचं.

“तुम्हाला कळलंच शेवटी. मी ऑपरेशन झाल्यावर सांगणार होतो.”

“काय?”

“दाढ काढल्यावर तिला फार अशक्तपणा आला होता. रक्त कमी झालं म्हणून डॉक्टरांनी एक पिशवी लिहून दिली. मला तुमचं बोलणं आठवलं. म्हटलं, कोणा परक्याची कशाला, माझीच लावू. ब्लड बँकेतले भाऊ माहितीचे आहेत, त्यांचे दोन कोट मी शिवलेत. आधी नियम नाही म्हणाले. मग म्हणाले, बरं, गट तर एकच आहे.”

“माझं बोलणं?” बाई म्हणाल्या. “मी रक्त द्या म्हटलं होतं?”

“तसं नाही. पण भांडण अनोळखी म्हणून होतं ना? मी विचार केला बाई. मोठ्या गिऱ्हाइकाला कापडाचं अख्खं थान पाठवायचं तर आपण आधी नमुना पाठवतो. बघू दे त्याला, हात लावू दे, धुऊन बघू दे. मग थान आलं की कटकट नाही. हे एवढं मूत्रपिंड एकदम दारात उभं केलं तर कोणीही दचकेल. म्हटलं, आधी पिशवीभर पाठवू. तिच्या अंगातली ती गस्तवाली बघेल, चिंधी करेल, गाठीत नेईल, सगळ्यांना दाखवेल. सवय होईल.” मास्टरांनी मान वर केली. “बघितलं का तिनं?”

“बघितलं,” बाई म्हणाल्या.

“सगळ्यांना दाखवलं?”

“सगळ्यांना दाखवलं.”

बाई कापडाच्या गठ्ठ्यावर बसल्या. या माणसानं त्यांचा शब्दन् शब्द लक्षात ठेवला होता. तक्ते बघून गेलेले लोक जिना उतरेपर्यंत सगळं विसरतात. इतक्या वर्षांत इतका मन लावून ऐकणारा विद्यार्थी त्यांना मिळाला नव्हता.

“जिचं कापड असतं ती थांबते, एवढंच मी सांगितलं होतं, मास्टर. पुढचं राहिलं. ती थांबते आणि मग एकीच्या हजार होतात. त्यांच्या चिथावणीनं दुसऱ्या पेशी हत्यारं बनवायला घेतात, त्याच कापडाच्या मापाची. गिऱ्हाईक नमुना बघून ऑर्डर देतं. ह्या नमुना बघून तयारी करतात.”

मास्टरांनी मशीनवरचा हात काढून घेतला.

“आणि विसरत नाहीत. वहिनींची दोन बाळंतपणं झाली. पोटातल्या बाळाचं निम्मं कापड बापाचं. ते त्यांच्या शरीरानं तेव्हाच बघून ठेवलं होतं. इतक्या वर्षांत विटलं होतं. आमच्या चाचणीत दिसलंही नाही. तुमच्या पिशवीनं ते परत लख्ख केलं.”

“म्हणजे उद्या...”

“उद्या नाही.”

“परवा?”

गिऱ्हाइकांना जन्मभर ‘उद्या या, परवा नक्की’ सांगत आलेला हा माणूस. मशीनच्या या बाजूनं तो प्रश्न विचारायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती. त्याला जे उत्तर मिळालं ते त्यानं कधी कुठल्या गिऱ्हाइकाला दिलं नव्हतं.

“तुमचं मूत्रपिंड त्यांना नाही चालायचं, मास्टर. बसवलं तर टेबलावरच काळं पडेल.”

मास्टरांनी मशीनखालची चादर बाहेर ओढली. दोरा तुटला नव्हता, तो लांबतच गेला. मग कात्रीनं कापला.

वर डॉक्टर ऑपरेशनच्या यादीवर सह्या करत होते. निकालाचा कागद पाहून त्यांनी पेन खाली ठेवलं.

“कोणी सांगितलं त्यांना असलं काहीतरी?”

“मी.”

“तुम्ही? रक्त द्यायला सांगितलंत?”

“नाही. अर्धं सांगितलं.”

डॉक्टर वाईट माणूस नव्हते, नुसते घाईत होते. “एकेकाळी मोठमोठे सर्जन हाच उद्योग करून बघायचे, आधी रक्त द्यायचं आणि मग मूत्रपिंड. काहींना उपयोगही व्हायचा. काहींचं हे असं व्हायचं, म्हणून तर सोडून दिलं. तुमच्या मास्टरांना चाळीस वर्षं उशीर झाला एवढंच. रक्त चढवल्यामुळे प्रतिपिंडं तयार झाली, इतकं लिहा. पुरे आहे.”

रक्ताच्या पिशवीच्या चिठ्ठीवर सही डॉक्टरांचीच होती. दाता कोण या रकान्याकडे त्यांनीही पाहिलं नव्हतं. हे बाईंच्या ध्यानात आलं, त्या बोलल्या नाहीत. कागदावर मात्र त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेल्या ओळीखाली स्वतःच्या अक्षरात आणखी एक ओळ लिहिली : दात्याला अपुरी माहिती दिली, माहिती देणारी व्यक्ती – आणि पुढे आपली सही. ती ओळ कोणी मागितली नव्हती. आठवडाभरात तिला उत्तर आलं. पेशंटशी आणि नातेवाइकांशी बोलण्याचं काम यापुढे फक्त समुपदेशन कक्षानं करावं, प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यांनी करू नये. ब्लड बँकेतल्या भाऊंना मेमो मिळाला. डॉक्टरांना काही मिळालं नाही, त्यांना दुसऱ्या पेशंटचं ऑपरेशन होतं.

बाई वहिनींना भेटायला डायलिसिस विभागात गेल्या तो दिवस खुर्चीचाच होता. खुर्ची क्रमांक चार, खिडकीजवळची. दोन नळ्यांतून रक्त बाहेर जात होतं, धुऊन परत येत होतं. वहिनींच्या अंगावर उजव्या बाजूला उघडणारा तो नवा झगा होता.

“वाया कशाला घालवायचा,” त्या म्हणाल्या. “बसा ना बाई. उभ्या का?”

“वहिनी, मास्टरांनी तुम्हाला...”

“सांगितलं. घरी आले, मशीनवर बसले. बॉबिन भरली, परत उलगडली. परत भरली. मी म्हटलं, दोरा संपेपर्यंत हेच करणार, की बोलणार? मग बोलले.”

“चूक माझी आहे. मी अर्धंच सांगितलं त्यांना.”

“तुम्ही पूर्ण सांगितलं असतं तरी त्यांनी अर्धंच ऐकलं असतं. आणि तेही आपल्या मापानं बेतून घेतलं असतं. तीस वर्षांचा अनुभव आहे माझा, तुम्ही नका मनाला लावून घेऊ.” वहिनींनी नळ्यांचा हात जपून सरळ केला. “आता दुसऱ्या कोणाचं मिळेल का?”

“यादीत नाव आहे. पण आता दहातले सहासात जण तुम्हाला चालणार नाहीत. वेळ लागेल.”

वहिनींनी मान हलवली. ही बेरीज त्यांनी बोटांवर केली नाही.

“मला एक समजत नाही बाई. माझंच शरीर ना हे? मग ह्यांना परत पाठवताना मला विचारलं का नाही? मी आत घेतलं असतं.”

याचं उत्तर बाईंकडे होतं. चांगलं अर्ध्या तासाचं होतं, वहिनींना कळेल असं होतं, स्वयंपाकघरातलं. त्यांच्या जिभेवर आलंही. पण नातेवाइकांशी आणि पेशंटशी बोलायचं नाही असा कागद आला होता. आणि कागद आला नसता तरी त्या आता कुठून सुरुवात करणार होत्या?

“माहीत नाही हो, वहिनी,” त्या म्हणाल्या.

“एक मात्र सांगते. ह्यांची ती पिशवी लावली ना, त्या आठवड्यात मला फार बरं वाटलं. जिना न थांबता चढले. वर जाऊन मागे बघितलं तर हे निम्म्यात, धापा टाकतायत. म्हटलं, अहो, रक्त दिलेल्या माणसासारखं काय करताय!” वहिनी हसल्या, मग यंत्र टूंटूं करायला लागलं म्हणून हसणं आवरतं घेऊन स्थिर बसल्या. “तेव्हा काही बोलले नाहीत. नुसते हसले.”

बाई बाहेर आल्या. विभागाच्या दाराबाहेर बाकावर मास्टर होते. मांडीवर रुग्णालयाची चादर. शिवणखोलीतलं काम त्यांनी आठवड्यातले तीन दिवस इथे, हातानं करायची परवानगी मागून घेतली होती. चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं चारचा आकडा घातलेला होता. तो रुग्णालयाच्या पद्धतीत नाही. त्यांनी बाईंसाठी बाकावर जागा केली, बाई बसल्या. दोघांनीही काही समजावून सांगितलं नाही.

या व्यवहारात कोणाचं काय गेलं, ते मांडायचं तर असं. भाऊंचा एक मेमो. बाईंची दहा मिनिटं, त्या आता डबा गरम असतानाच खातात. वहिनींचे आठवड्याचे बारा तास, आणि ते किती आठवडे, हे कोणी सांगितलेलं नाही. द्यायला निघालेल्या माणसाचं मात्र काहीच गेलं नाही. मास्टरांच्या सगळ्या तपासण्या उत्तम आल्या होत्या. दोन्ही मूत्रपिंडं शाबूत आहेत, ठणठणीत आहेत आणि दोन्ही त्यांच्याकडेच आहेत.